सर्व यंत्रांनी थांबावे

कारण निघून जातं, खबरदारी मागे राहते; आणि ती काढण्याचा अधिकार कोणत्याही खात्याला नसतो.

जगातला प्रत्येक संगणक झोपण्यापूर्वी उगाच क्षणभर थांबतो, हे उघडकीस आलं त्या दिवशी कर्नेल विभागात कुणीही घाबरलं नाही. (कर्नेल म्हणजे संगणकाचा गाभा. तो चुकला तर सगळंच बंद पडतं, म्हणून शक्यतो त्याला कुणी हात लावत नाही.) शोध लावला नव्या चाचणीवालीने. थांबायला सांगणारी ओळ विभागातल्या सर्वांत ज्येष्ठाने लिहिलेली होती, म्हणून ती त्यांच्या टेबलाशी आली.

"काका, हे सगळे कुणासाठी थांबतायत?"

"एक जुनी चिप होती. झोपताना उत्तर द्यायला वेळ लावायची. घाई केली की लॅपटॉप गोठायचा."

"मग तिच्यापुरतं थांबा ना. आख्खं गाव कशाला ताटकळत ठेवलंय?"

मुद्दा बिनतोड असल्यामुळे समिती नेमली गेली. समितीने त्या चिपवाल्यांकडून ईमेलने हरकती मागवल्या. त्या लॅपटॉपवर आता ईमेल उघडतच नाही. शून्य हरकती म्हणजे शंभर टक्के समाधान, सबब आहे ते चालू द्यावं, असा कौल निघाला. चाचणीवाली हटेना. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "बरं, त्या चिपपुरती अट घालू. पण तिचा ओळख क्रमांक लागेल, आणि तो चालू लॅपटॉपमधूनच वाचता येतो. आहे कुणाकडे?"

"घरी आहे," काका म्हणाले. "हिचा."

ही म्हणजे काकांची बायको. शिकवणीच्या प्रश्नपत्रिका ती त्यावर तयार करायची. एकदा तो गोठून आठवड्याचं काम गेलं. "जगाचे संगणक चालवता," ती म्हणाली, "घरचा तेवढा राहू द्या." त्याच संध्याकाळी काकांनी ती ओळ लिहिली, आणि घरची चिप वेगळी ओळखत बसण्यापेक्षा जगालाच थांबवलं. (विभागात याला सर्वसमावेशक उपाय म्हणतात.)

शेवटचं दवाखान्यात जाताना झाकण तिनेच लावलं. ते काकांनी उघडलेलं नाही.

"या रविवारी बघतो," असं ते दर बैठकीत सांगतात. प्रगती समाधानकारक असल्याचं समितीचं मत आहे. चाचणीवालीही हल्ली विचारत नाही.

तेव्हा झाकण लावल्यावर तुमचा संगणक जरा रेंगाळला, तर दुकानदाराशी भांडू नका. फारच घाई असेल तर काकांच्या घरी जा आणि ते झाकण तुम्ही उघडा. क्रमांक वाचायचा अजून राहिला आहे.