वामनरावांनी वाचवलेली होडी

रहमतुल्लांनी होडीच्या पाठीवर करवत ठेवली होती. त्या घडीला वामनराव गप्प बसले असते, तर सागवानाच्या चार चांगल्या फळ्या निघाल्या असत्या आणि एका भल्या माणसाची झोप शाबूत राहिली असती. पण वामनराव सेवानिवृत्त होते, आणि सेवानिवृत्त माणसाला गप्प बसायची सवय कुठून असणार?

रहमतुल्ला पातूरचे जुने सुतार. बैलबंड्या, वखर, पेरणीच्या तिफणी यांत त्यांची हयात गेली. एका बंद पडलेल्या विश्रामगृहाचं लाकूड त्यांनी लिलावात घेतलं, त्यात ही होडी पालथी आली. त्यांना ती गुरांची गव्हाण वाटली. फक्त गव्हाणीला कोणी टोक काहून काढलं, तेवढं कळेना.

"कापू नका," अकोल्याहून पाट करून घ्यायला आलेले वामनराव म्हणाले. "शिडाची होडी हाये ते. अशा किती चालवल्या मी रत्नागिरीले."

आता वामनराव बावीस वर्षं रत्नागिरीत बंदराच्या कचेरीत होते, हे खरं. तिथं ते आवक-जावक टपाल नोंदवत आणि समुद्राकडे पाठ करून बसत, कारण समुद्र नुसता पाहिला तरी त्यांना मळमळे, हेही खरं. पण अकोल्याला परतल्यावर लोक समुद्राचं विचारत, आणि आवक-जावक रजिस्टरात सांगण्याजोगं काही नव्हतं. बोलता बोलता वामनराव पहिल्या वर्षी होडीत बसले, दुसऱ्या वर्षी शीड ओढू लागले आणि पाचव्या वर्षी भर वादळातून अकरा कोळी वाचवून आले. आकडा मी कमीच सांगतोय. घरी त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी सतरा ऐकले आहेत.

रहमतुल्लांनी करवत खाली ठेवली. हा माणूस स्वतः खोटं बोलत नसे, म्हणून दुसरा बोलत असेल हे त्याच्या मनातही येत नसे.

"मंग हिले उभी करू," ते म्हणाले. "तुमी सांगा भाऊ, मी करतो."

झालं. पेरणीआधीच्या दुरुस्त्यांची घाई, लोक तिफणी घेऊन दारात उभे, आणि रहमतुल्ला त्यांना दुसऱ्या सुताराचं घर दाखवू लागले. त्यांच्या नईमाबींनी मांडववाल्याकडून जुनी कनात मागून आणली आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं शीड शिवलं. वर वामनरावांना चहा देताना त्या म्हणत, आमच्या यांचं नशीब, म्हणून असा उस्ताद भेटला.  दोनदा वामनराव खरं सांगून टाकायचं ठरवून एसटीनं पातूरला आले, आणि दोनदा 'होडीच्या बुडाले रंग कोणता लावू' याचं उत्तर देऊन परत गेले.

मे महिन्यात ऊन असं तापलं की होडीच्या फळ्यांमधून बोट जाऊ लागलं. या फटींत काय भरतात, असं रहमतुल्लांनी विचारलं. वामनरावांच्या घरी भाव चढायची वाट पाहत खोलीभर कापूस रचलेला होता. सकाळीच त्यावर बसून त्यांनी पेपर वाचला होता. "कापूस," ते म्हणाले. निव्वळ योगायोगानं उत्तर बरोबर होतं. फक्त शहाणे लोक पिंजलेली रुई भरतात. वामनरावांनी घरचा कापूस आणला, सरकीसकट.

बंडीचं चाक उन्हानं खिळखिळं झालं की आपल्याकडे ते पाण्यात टाकून ठेवतात. लाकूड फुगतं, चाक आवळून येतं. त्याच न्यायानं होडी गावच्या तलावाच्या काठाशी पाण्यात बांधून ठेवली. लाकूड फुगलं. सहाव्या दिवशी होडी उगवली.

दोन-दोन पानं, फळी-फळीच्या जोडावर, तिफणीनं पेरावी तशी सरळ ओळीत. तलावाकाठचा शेतकरी धर्मपाल रोज ढोरं पाण्यावर आणी. त्यानं होडीभोवती चक्कर मारली आणि एकाआड एक रोप उपटायचा सल्ला दिला, नाहीतर दाटी होईल म्हणाला. रहमतुल्ला वामनरावांकडे पाहत राहिले. खरं सांगायला याहून चांगली वेळ देवानंही दिली नसती.

"असंच पायजे," वामनराव रोपांच्या मुळांकडे बोट दाखवून म्हणाले. "मुया लाकडाले धरून ठेवतात."

त्या दिवसापासून रहमतुल्ला सकाळ-संध्याकाळ होडीला पाणी देऊ लागले. ते पाहून वामनरावांनी अकोल्याला दोन दिवस जेवण टाकलं. कौशल्याबाईंना वाटलं, समुद्राची आठवण येते.

रविवारी सकाळी होडी सोडायची ठरली. पातूर लोटलं. अमरावतीहून वामनरावांचे व्याही खास गाडी करून आले. काठावर वामनरावांनी शेवटचा प्रयत्न केला, आपली कंबर धरल्याचं सांगितलं. चौघांनी त्यांना उचलून आत ठेवलं. मागून रहमतुल्ला बिस्मिल्ला म्हणून चढले. त्यांना पोहता येत नव्हतं.

शिडात वारा भरला आणि होडी निघाली. वामनरावांनी एक दोर ओढला, होडी गरकन फिरली. दुसरा ओढला, होडी उलटी फिरली. मग तिनं सरळ तलावाच्या मधोमध उभ्या असलेल्या वाळक्या बाभळींचा रस्ता धरला.

"आता भाऊ?" रहमतुल्लांनी विचारलं. आवाजात भीती नव्हती. तो विश्वास वामनरावांना बाभळीच्या काट्यांपेक्षा जास्त टोचला.

"रहमतभाई, मले काईच येत नाई," ते खाली मान घालून म्हणाले. "मी कागदं लिवत होतो. होडीत आज पयल्यांदा बसलो."

रहमतुल्ला होडीत झिरपलेलं पाणी टोपीनं उपसू लागले. बाभळी जवळ येत होत्या.

"अन् ते कोळी?"

"एकबी नाई."

"नईमानं बोटं टोचून घेतली तुमच्या शिडापायी," रहमतुल्ला म्हणाले. बस, एवढंच. मग त्यांनी वामनरावांच्या हातातले दोन्ही दोर काढून घेतले, बैलांचे कासरे धरतात तसे धरले, पाय रोवला, जिभेनं 'चक् चक्' केलं आणि डावा कासरा खेचला. आता होडीला बैलाची भाषा कळते की नाही, हे विद्वानांनी ठरवावं. मी एवढंच सांगतो की ती वळली आणि दावणीला यावी तशी काठाला आली.

काठावर टाळ्या सुरू झाल्या. व्याही म्हणाले, वामनरावांनी दोन महिन्यांत सुताराला खलाशी केला.

"मले येत नाई," वामनराव रहमतुल्लांकडे हात करून कळवळून म्हणाले. "सारं यायनंच केलं. मी खोटा माणूस हावो."

लोक गहिवरले. इतका मोठा माणूस आणि किती विनय, असं धर्मपाल शेजाऱ्याला म्हणाला. वामनरावांनी साक्षीसाठी रहमतुल्लांकडे पाहिलं. खोटं न बोलणारा तो माणूस काठावर उतरून टोपीतलं पाणी पिळत होता आणि बोलतच नव्हता.

तेवढ्यात गर्दीतून कौशल्याबाई पुढे आल्या. पदर खोचलेला, एका हातात छत्री, एका हातात डबा. वामनराव उतरायच्या आत त्या होडीत चढून समोर बसल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्साची ऐकून राह्यली. आज दाखवा."

"रहमतभाई," वामनराव क्षीण आवाजात म्हणाले, "तुमी बी बसा ना."

रहमतुल्लांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. लोकांना चार पावलं मागं सारलं. उस्तादाला जागा लागते म्हणाले. मग वाकून दोन्ही कासरे अदबीनं वामनरावांच्या हातात दिले आणि एका पायानं होडी पाण्यात लोटली.