कुफरी व्हाया कोंड्याचा डोंगर

त्या साली दिवाळीच्या सुमारास सरकारनं अख्खा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलला आणि मुंबई राज्यात नेऊन ठेवला. आरमोरीची माणसं एका राज्यात झोपली आणि दुसऱ्या राज्यात उठली. कूससुद्धा बदलावी लागली नाही. तिथल्या राईस मिलचा दिवाणजी सोमाजी याच्या मनावर या गोष्टीचा फार परिणाम झाला. झोपल्या जागी माणसाचा एवढा प्रवास होतो, तर थोडं उठून चालू लागल्यावर तो कुठवर जाईल! (असले विचार त्याला नेमके धान मोजताना यायचे. म्हणून शेठजी त्याच्याकडून प्रत्येक मोजणी दोनदा करून घेत.)

पुढं पौषात मिलचं इंजिन बंद पडलं. त्याचा एक भाग कलकत्त्याहून यायचा होता, आणि तो येईपर्यंत शेठजींनी सगळ्यांना सुट्टी दिली. पार्सलची चौकशी करायला सोमाजी वडशाच्या स्टेशनवर गेला आणि तिथल्या भिंतीवरच्या एका चित्रासमोर उभा राहिला तो राहिलाच. पांढराशुभ्र डोंगर. त्यावर लाल स्वेटर घातलेला एक माणूस, पायांना दोन लांब फळ्या बांधून, गुडघ्यांत वाकून, हवेत. कुणीतरी त्याला 'बसा, बसा' म्हणतंय आणि तो 'नको, निघतो' म्हणत चालला आहे, असा त्याचा थाट होता.

"गुलमर्ग," मागून स्टेशनमास्तर बापूजी म्हणाले. गाड्या थोड्या असल्यामुळे स्टेशनवरचं सगळं त्यांनी वाचून काढलं होतं. "काश्मीरमध्ये आहे. दुसरी जागा कुफरी, शिमल्याच्या वर. हिवाळ्यात लोक तिथं बर्फावर घसरायला जातात."

"घसराले? इतक्या दूर?"

"घरच्या घरी घसरलं तर लोक हसतात, सोमाजी. तिथं टाळ्या वाजवतात."

परतीच्या बंडीत सोमाजी बसला तो अर्धा काश्मिरात पोचूनच. धान कापून नेलेल्या बांध्यांवर धुकं बसलं होतं. त्याला वाटलं, हा बर्फच. बैल मुकाट्यानं चालले होते, चाकांचा आवाजही कापसात गुंडाळल्यासारखा येत होता. त्या पांढऱ्या धुक्यावरून आपण लाल स्वेटर घालून चाललो आहोत, मागं बायको, पोरगी, माय, बाबा, सगळे ओळीनं घसरताहेत, असं त्याला स्वच्छ दिसलं. (त्याच्याकडे स्वेटर नव्हता. होता तो खाकी मफलर, आणि तोही बाबांचा.)

घरी पोचताच त्यानं जाहीर केलं, "या सुट्टीत आपन सगळे बर्फावर जाऊ."

त्याचे वडील दादाजी जेवत होते. त्यांनी घास तसाच हातात धरला. "बर्फ म्हंजे नागपुरावून भुशात गुंडाळून येते, तोच का?"

"तोच, बाबा. पन तिथी तो वरून पडते."

"लादीच्या लादी?"

"नाई हो. भुरभुर."

"आन भुसा?"

"भुसा नाई पडत!"

"मंग टिकते कसा?" दादाजींनी विचारलं.

"जागा दोन हायेत," सोमाजी घाईनं पुढं म्हणाला. "एक गुलमर्ग—"

"काय मर्ग?" दादाजींनी ताट सरकवलं. "मानूस विहिरीत पडला, झाडावून पडला, का ठान्यात मर्ग दाखल करतेत, तोच ना हा मर्ग? जागेच्या नावातच लिहून ठेवलं हाय त्याईनं. मी नाई येत!"

"तिथी भात भेटते का?" सोमाजीची बायको सुगंधाबाई चुलीपाशी बसून म्हणाली. "दोन्ही टाइम पोळ्या असतीन तं आताच सांगा. मी तांदूळ बांधून घेतो."

"काश्मिरात भातच खातेत म्हने."

"आन त्या दुसऱ्या गावी?"

"कुफरीले पोळ्या."

"मंग गुलमर्ग," सुगंधाबाईनं निकाल दिला.

"मर्ग नाई!" दादाजी कडाडले.

सोमाजीची पोरगी मैना आठ वर्षांची होती. तिनं चित्र पाहिलेलं नसताना लाल स्वेटरवाल्या माणसाच्या बाजूनं, म्हणजे गुलमर्गला मत दिलं. सोमाजीनं पोरीला आणि बायकोला आपल्या बाजूला धरलं. दादाजी एकटेच कुफरीला. पण त्या घरात दादाजी एकटे म्हणजे चौघे. चार दिवस घरात हाच वाद. शेजारी लटारू मासे द्यायला आला की त्यालाही मत विचारायचे. तो म्हणायचा, "जिथं तळं असन तिथं जा भाऊ," आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

शेवटी मैनाच म्हणाली, "पन आजीले कोनी इचारलं?"

सोमाजीची माय रुखमाबाई कोपऱ्यात तांदूळ पाखडत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. या सुट्टीचंच नव्हे; लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून, कुठं जायचं आणि कधी परतायचं, हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. सोमाजीला हे आज कळलं, आणि कळल्यावर त्याला कुठं बघावं ते सुचेना.

"माय, तुले कुठी जाचं हाय?"

रुखमाबाईनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तो पडतानी आवाज होत नाई म्हने ना? मोहाचं फूल पडते पहाटं, त्याचा टप टप आवाज येते. पानी तं गलकाच करते. पन इतकं सारं वरून पडते आन आवाज नाई! मले ते ऐकाचं हाय."

"नसलेला आवाज कसा ऐकशीन?"

"ते मी पाहीन," ती म्हणाली आणि सूप पुन्हा उचललं. पण पाखडायला मात्र विसरली. नुसतं सूप हातात धरून दाराबाहेर बघत राहिली.

आता वाद कुफरी की गुलमर्ग एवढाच उरला नव्हता. आता जायलाच हवं होतं. दादाजींना ते समजलं, आणि म्हणूनच त्यांनी शेवटचा खुंटा ठोकला. "या वयात तिले तिथी घसराले नेतं? पडली तं कोन पाहीन? आधी तू इथी घसरून दाखव. जमलं, तं जाऊ. नाई तं हे नाव पुन्हा घरात काढाचं नाई."

आरमोरीत बर्फ नव्हता. पण राईस मिलच्या मागं कोंडा होता. वर्षानुवर्षं धान भरडून निघालेल्या कोंड्याचा डोंगरच होता तो, ताडाएवढा उंच, सोनेरी, आणि निसरडा असा की त्यावर चढलेली बकरी परत यायची ती बसूनच. सोमाजीनं दसरू सुताराकडून सागाच्या दोन फळ्या करून घेतल्या, पुढून वाकवलेल्या, वर जुन्या वहाणा ठोकलेल्या.

"नांगराले लावाच्या का भाऊ?" दसरूनं विचारलं.

"पायाले."

दसरूनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. (मात्र सकाळी तो सगळ्या गल्लीला घेऊन आला.)

शिडी लावून सोमाजी वर चढला. पायांत फळ्या अडकवल्या, हातांत दोन बांबू घेतले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि समोर पाहिलं. कोवळं ऊन पडलं होतं. तळ्यावरून वाफ उठत होती, पलीकडे जंगलाची निळी रेघ. पायाखालचा कोंडा चमकत होता. खालची माणसं लहान लहान झाली होती आणि त्यांचा आवाज येत नव्हता. सोमाजीला वाटलं, हेच ते. आता वेगळं कुठं जायला नको. त्यानं डोळे अर्धे मिटले, गुडघ्यांत वाकला आणि बांबू रोवून रेटा दिला.

आणि तो निघाला! खरोखर निघाला. कानांशी वारा, मागं सोनेरी धूळ, दिवाणजी सोमाजी हवेसारखा हलका. कुणीतरी टाळी वाजवली. शिमला, काश्मीर, मुंबई राज्य, सगळं त्याच्या पायाखालून गेलं.

एकच गोष्ट त्या चित्रात दाखवली नव्हती: थांबायचं कसं. कोंडा संपला, उतार संपला नाही. उताराच्या टोकाला बोडी होती, आणि त्या छोट्या तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लटारू जाळं ओढत होता. सोमाजी त्याच्या डोक्याच्या बाजूनं गेला आणि सरळ जाळ्यात पडला.

"लटारू! काढ मले!"

"हलू नका भाऊ!" लटारू कळवळून ओरडला. "बिलकुल हलू नका! तुमच्याखाली मरळ हाय!"

आधी मरळ काढली, मग सोमाजीला. उजव्या पायाचा घोटा वांग्यासारखा सुजला होता. मफलरातून पाणी गळत होतं. दादाजी काठावर आले, घोट्याकडे पाहिलं, मान हलवली. "झालं? संपला विषय."

सोमाजी मफलर पिळू लागला. घोटा ठणकत होता, पण डोळ्यांसमोर येत होतं ते हातात सूप धरून दाराबाहेर बघणारं मायचं तोंड.

"आत्याबाई कुठी हायेत?" सासू दिसेना तशी सुगंधाबाई एकदम म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सोमाजीची टोपी डोंगराच्या माथ्यावरच उडून पडली होती, आणि ती आणायला म्हणून रुखमाबाई शिडीवरून वर जाऊन पोचली होती. टोपी तिनं झटकली, कमरेला खोचली. मग ती खाली बघू लागली.

"शिडीनं ये!" दादाजी ओरडले. "सांभाळून! शिडीनं!"

रुखमाबाईनं शिडीकडे पाहिलं. दादाजींकडे पाहिलं. मग लुगडं घट्ट आवळून ती कोंड्यावर निवांत बसली, जशी अंगणात बसायची तशी, आणि दोन्ही हातांनी स्वतःला पुढं लोटलं. सरसर आली. ओरडली नाही, धडपडली नाही; दादाजींच्या पायाशी येऊन थांबली. केसांत, भुवयांत कोंडा. ती हसत होती, आणि तिला असं हसताना सोमाजीनं पूर्वी पाहिल्याचं त्याला आठवेना.

दादाजी वाकून तिच्या डोक्यावरचा कोंडा हळूहळू झाडू लागले. भरगल्लीत. "सांग," ते हलक्या आवाजात म्हणाले, "कुठी जाचं?"

"कुफरी," रुखमाबाई म्हणाली. "तुमाले मर्ग नको ना."

सुगंधाबाईनं तांदूळ बांधले.

तर अशा रीतीनं सगळे कुफरीला गेले. गाड्या बदलत, उबेला एकमेकांना टेकत, शेवटी त्या खेळण्यातल्यासारख्या रेल्वेनं डोंगर चढत, आणि शिमल्याहून पुढं मोटारीनं. त्यांनी पाऊल ठेवलं तेव्हा पांढरं आभाळ अगदी खाली आलं होतं, आणि थोड्याच वेळात बर्फ पडू लागला. देवदारांवर, छपरांवर, दादाजींच्या छत्रीवर. मैना ओरडत पळत सुटली आणि मग आपोआप गप्प झाली. सुगंधाबाईनं तळहात पुढं केला. रुखमाबाई चार पावलं पुढं जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर कानामागं घेतला आणि डोळे मिटले.

सोमाजी हॉटेलच्या पडवीत, सामानापाशी, घोट्याला पट्टी बांधून स्टुलावर बसला होता. त्यानं विचारलं, "माय, आला का ऐकू?"

"येते," ती डोळे न उघडता म्हणाली. "धान दुधात येते ना, तवा बांधीत उभं राह्यलं का जसं येते, तसंच. तू बोलू नको."

समोर मायच्या खांद्यावर बर्फ साचत होता, आणि बाबा छत्री तिच्या डोक्यावर धरायची की नाही या विचारात तिच्यामागं अवघडून उभे होते. त्या पांढऱ्या शांततेत बसल्या बसल्या सोमाजीला वाटलं, आपण घसरलो नाही तरी चालेल. हे सगळं आपण घडवून आणलं. कुटुंबाला इथवर आणलं ते आपणच. कर्ता पुरुष म्हणतात तो हाच. त्याची छाती मफलराच्या आत दोन बोटं फुगली.

एवढ्यात हॉटेलचा माणूस चहाची किटली घेऊन दादाजींपाशी गेला आणि अदबीनं म्हणाला, "बाबूजी, वो जो सामान के पास बैठा है, आपका नौकर, उसको भी चाय दे दूँ?"

दादाजींनी वळून सोमाजीकडे पाहिलं.

"दे देव," ते म्हणाले. "पन आधा कप. काम तो कुछ करता नाई."