हायाबुसाची आंघोळ

घरात सहा माणसांचं जेवणाचं टेबल असूनही ते नवराबायको गेली तीन वर्षं मांडीवर ताट घेऊन जेवत होते, कारण टेबलावर जपानी हवाई दल उतरलेलं होतं. एका टोकाला दोन रणगाडे, मधे अजून पंख न फुटलेलं एक बाँबफेकी विमान, पलीकडे रंगाच्या बाटल्या, चिमटे, कानशी, आणि ऐन मोक्याच्या जागी, गुंडाळलेल्या टॉवेलच्या गादीवर, वीतभर लांबीचं हिरवंगार 'हायाबुसा'. हायाबुसा म्हणजे ससाणा. खऱ्या लढाऊ विमानाच्या अठ्ठेचाळीस पट लहान, पण त्यातल्या वैमानिकाच्या खुर्चीला पट्टे होते आणि पट्ट्यांना बकलंसुद्धा होती. ती बघायला भिंग लागायचं, ही गोष्ट वेगळी.

या हवाई दलाचे मालक एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापखान्यात त्यांना सगळे कानामात्रा म्हणत. अठ्ठावीस वर्षं डोळ्यात तेल घालून लोकांच्या चुका पुसल्यामुळे त्यांना डाग, ओरखडा, जास्तीचा ठिपका असलं काहीच बघवत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तर पाहुण्यांच्या घरातसुद्धा ते उठून सरळ करत. नोकरीत या स्वभावानं त्यांचं भलं केलं होतं. विमानांच्या बाबतीत मात्र याच स्वभावानं त्यांचा घात केला होता.

त्याचं असं, की हौशी मॉडेलवाल्यांच्या मंडळाची दरवर्षी स्पर्धा होई आणि तिचे परीक्षक होते भिंगसाहेब. हा म्हातारा चाळीस वर्षं खऱ्या विमानांना रंग देण्याच्या कामावर होता. त्यांच्या हातात सदैव भिंग असे आणि तोंडात फारसे शब्द नसत. सलग तीन वर्षं ते कानामात्रांच्या विमानावर वाकले होते, डोकं हलवून "स्वच्छ आहे. फार स्वच्छ," एवढंच म्हणाले होते आणि पुढच्या टेबलाकडे सरकले होते. पुढच्या टेबलावर दातांचे डॉक्टर बसलेले असत. पहिलं बक्षीस तिथं जाई.

भिंगसाहेबांचं म्हणणं खरं होतं. युद्धाच्या शेवटी शेवटी त्या जपानी विमानांवरचा हिरवा रंग घाईनं, थेट पत्र्यावर मारलेला असायचा. तो सालपटं निघाल्यासारखा उडायचा आणि खालचा चंदेरी पत्रा जागोजागी दिसायचा. कानामात्रांना हे तोंडपाठ होतं. म्हणून या वर्षी त्यांनी मॉडेलला आधी चंदेरी रंग दिला, त्यावर बायकोचा केसांवर मारायचा फवारा मारला आणि त्यावर हिरवा रंग दिला. आता ओला ब्रश हलकेच फिरवला की मधला फवारा विरघळणार आणि वरचा हिरवा रंग सुटणार, अशी ती युक्ती. सगळी तयारी झाली. मग ओला ब्रश हातात घेऊन ते चार संध्याकाळी विमानासमोर बसले आणि चारही संध्याकाळी ब्रश कोरडा झाल्यावर उठले. स्वतःच्या हातानं स्वतःचं सुबक काम खराब करायचं, हे त्यांच्यानं झालं नाही. अगदी मन घट्ट करून त्यांनी धुराच्या नळीमागे चिमूटभर काजळी तेवढी लावली.

"हे शेवटचं वर्ष," बायकोनं बजावलं होतं. "बक्षीस आलं तर टेबल तुमचं, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आलं तर सोमवारी सकाळी विमानं माळ्यावर आणि मी टेबलावर."

"तू टेबलावर?"

"माझं ताट. उगाच चुका काढू नका."

स्पर्धेचा रविवार उजाडला. प्रवेशिका बाराच्या आत द्यायच्या होत्या. कानामात्रा नऊ वाजता आंघोळीला गेले आणि घरात आदल्या दिवशीच आलेल्या सासूबाई उठून टेबलापाशी गेल्या.

सासूबाई बत्तीस वर्षं इस्पितळात मेट्रन होत्या. त्यांच्या वॉर्डात म्हणे डॉक्टरसुद्धा चप्पल झटकून येत. निवृत्त झाल्या तरी नजर निवृत्त झाली नव्हती. त्या नजरेला हायाबुसाच्या पोटावरची काजळी दिसली. जावई आज हे चार लोकांत नेणार आणि त्याला ही अशी काजळी! त्यांनी विमान उचललं, स्वयंपाकघरात नेलं, वाटीत कोमट पाणी घेतलं, दात घासायचा एक जुना मऊ ब्रश शोधला आणि जखम साफ करावी तशा शिस्तीनं कामाला लागल्या. ब्रश एकाच दिशेनं, पुढून मागे. उलटा हात नाही.

कानामात्रा डोकं पुसत बाहेर आले. टॉवेलच्या गादीवर विमान नव्हतं. स्वयंपाकघरातून खस्, खस् आवाज येत होता.

"आई! काय करताय?"

"अहो जावईबापू, केवढी काजळी ही! म्हटलं, धुऊन देते."

"धुऊन?"

"साबण नाही हो लावला. नुसतं कोमट पाणी. तेवढं कळतं मला."

"आई, ती काजळी मी लावली होती!"

"तुम्ही? मुद्दाम?" सासूबाईंनी ब्रश खाली ठेवला आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. "बरं, ते असो. एक सांगते, राग मानू नका. तुमचा रंग कच्चा निघाला. बघा कसा सुटतोय. दुकानदारानं फसवलं तुम्हाला."

असं म्हणून त्या उजव्या पंखाला हात घालणार, एवढ्यात कानामात्रांनी विमान त्यांच्या हातातून अक्षरशः हिसकावलं. सासूच्या हातातून काही हिसकावण्याची ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

डावा पंख पार सोलून निघाला होता. बुडाशी, जिथं सासूबाईंनी ओल्या अंगठ्यानं घट्ट धरलं होतं, तिथं तर नुसता चंदेरी पत्रा. नाकाडावर सालपटं, पंखावरच्या जपानी लाल गोळ्याचा लचका तुटलेला, काचेच्या आत वाफ धरलेली, आणि पाठीवरची अँटेनाची तार गायब. ती तार म्हणजे बायकोचा एक लांब केस होता. तीन महिन्यांचं काम. कानामात्रांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

बायको धावत आली. टेबल आपल्या हाती आलं, हे तिला एका नजरेत कळलं. पण नवऱ्याचा चेहरा पाहून तिला मुळीच आनंद झाला नाही, आणि याचं तिलाच नवल वाटलं.

"पुन्हा रंगवता नाही येणार?"

"हिरवी बाटली संपली. आणि ओल्यावर रंग बसत नाही."

"मग आधी सुकवू तरी." तिनं केस वाळवायचं यंत्र आणलं आणि विमानावर सोडलं. वारा लागताच विमानाच्या नाकावरचा पंखा भिरभिरायला लागला.

"अगंबाई, फिरतोय की!" सासूबाई हरखून म्हणाल्या.

काचेवरची वाफ गेली. मात्र गरम वाऱ्यानं डाव्या चाकाची दांडी मऊ पडली आणि विमान एका अंगाला कललं, कंबर धरून उभ्या राहिलेल्या माणसासारखं. बायकोनं यंत्र बंद केलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"आता केस दे," कानामात्रा म्हणाले.

"कुठला देऊ? परवाच कापून आले ना. तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत."

कानामात्रांनी आत्ता बघितलं. छापील पानावरचा ठिपका न सोडणाऱ्या माणसाला घरातली एवढी ठळक गोष्ट दिसली नव्हती. पण शरमायलाही वेळ नव्हता. सासूबाईंनी अंबाड्यातून एक लांब पांढरा केस उपटला आणि पुढे केला. "घ्या. एवढं तरी भरून देते."

"मी नाही जात," केस चिकटवून झाल्यावर कानामात्रा म्हणाले. "असलं घेऊन चारचौघांत कसा जाऊ?"

"प्रवेशिका भरलीत ना? मग जायचं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या वॉर्डातून पेशंट असा अर्धवट घरी जात नसे." बत्तीस वर्षं त्या आवाजाला कुणी नाही म्हटलं नव्हतं. पावणेबाराला तिघं वाचनालयाच्या सभागृहात पोचले.

शेजारच्या टेबलावर दातांचे डॉक्टर आपल्या रणगाड्याच्या साखळीतला खडा सुईनं हलवत बसले होते. त्यांनी हायाबुसाकडे बघितलं आणि हळहळून विचारलं, "रिक्षातून पडलं?"

"नाही," कानामात्रा म्हणाले.

तीन वाजता भिंगसाहेब आले. हायाबुसावर वाकले. कानामात्रांनी डोळे मिटून घेतले. आता 'फार स्वच्छ' ऐकावं लागणार नाही, एवढंच काय ते समाधान होतं. एक मिनिट गेलं. दोन गेली. डोळे उघडले तर भिंगसाहेब चक्क गुडघ्यावर बसलेले.

"या पंखाच्या बुडाशी रंग का नाही?"

"ते... तिथं..."

"वैमानिक तिथं पाय देऊन चढतो. म्हणून नाही." म्हातारा स्वतःशीच बोलत होता. "आणि चढतो डावीकडून. म्हणून डावा पंख झिजलाय, उजवा जवळजवळ नवा. सगळे गाढवासारखे दोन्ही पंख खरवडतात! आणि सालपटं पुढून मागे. वारा असाच लागतो. चाकाची दांडी एका बाजूनं खचलेली. सुटे भाग मिळत नव्हते ना तेव्हा, दांडीत कसलं तेल आणि कसलं काय. ही तार पांढरी पडलेली..." त्यांनी भिंग खाली केलं. डोळे चक्क ओलावले होते. "रंग देणारे खूप पाहिले मी. कुठं थांबायचं हे कळणारा आज पाहिला. कुठलं तंत्र वापरलंत?"

तीन वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते शब्द समोर आले होते. फक्त हसून मान हलवायची होती. पण छापून जाणाऱ्या मजकुरात चूक दिसत असताना गप्प बसायचं, हे कानामात्रांना जन्मात जमलं नव्हतं.

"साहेब, ते मी नाही केलं," ते म्हणाले. "माझ्या सासूबाईंनी..."

"तंत्र कसलं डोंबलाचं!" मागच्या रांगेतून सासूबाई उठल्या. "मी धूत होते. आणि थांबले कुठे? यांनी हातातून हिसकावलं! नाहीतर उजवा पंखही लख्ख करून दिला असता."

हशा पिकला. दातांचे डॉक्टर मात्र उभे राहिले. "परीक्षकांनी नियम सातवा बघावा. मॉडेलला दुसऱ्याचा हात लागता कामा नये."

हशा विरला. बायकोनं कानामात्रांचा हात धरला. कित्येक वर्षांत धरला नव्हता.

भिंगसाहेब सावकाश गुडघ्यावरून उठले. "हे विमान जोडलं कुणी?"

"मी," कानामात्रा म्हणाले.

"पत्र्याचा रंग, मधला फवारा, वरचा हिरवा?"

"मीच. पण मग पुढे हातच धजला नाही."

"बरोबर आहे. कारखान्यातल्या माणसाचा हात धजायचा नाहीच," भिंगसाहेब डॉक्टरांकडे वळले. "चाळीस वर्षं मी विमानं रंगवली. एकावर कधी मी ओरखडा काढला नाही. ते काम पावसाचं, उन्हाचं, आणि बूट घालून वर चढणाऱ्या लोकांचं. आम्ही कळवळायचो आणि ते नासवायचे. इथं अगदी तसंच झालंय. विमान जावयाचं, युद्ध सासूबाईंचं! याहून अस्सल काय असतं? पहिला क्रमांक."

टाळ्यांनी वाचनालयाच्या खिडक्या थरथरल्या. डॉक्टरांनीही शेवटी दोन वाजवल्या, मग मनापासून वाजवल्या. कानामात्रांना आभाळ ठेंगणं झालं. चषक घेताना त्यांनी सासूबाईंना ओढून शेजारी उभं केलं, आणि फोटोत चषकाची एक कड सासूबाईंच्या हातात आहे. दुसऱ्या हातातल्या रुमालानं त्या तो पुसताहेत.

बायकोनं शब्द पाळला. टेबल जिंकलं गेलं होतं. सासूबाईंचा मुक्काम आठवड्याचा होता तो महिन्याचा झाला, त्यालाही कुणाची हरकत नव्हती.

पुढच्या रविवारी कानामात्रा बाँबफेकी विमानाचे पंख बसवायचे म्हणून उत्साहानं बाहेरच्या खोलीत आले आणि दारातच थबकले. टेबल गच्च भरलं होतं. एका खुर्चीत दातांचे डॉक्टर आपला रणगाडा मांडीवर घेऊन अवघडून बसले होते. शेजारी मंडळाचे आणखी दोघं, आपापली विमानं रुमालात गुंडाळून. मोक्याच्या जागी सासूबाई. समोर कोमट पाण्याची वाटी आणि पेल्यात उभे केलेले पाच ब्रश.

"पुढचा," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टर घाईनं पुढे झाले.

"आई, मला जरा पंख चिकटवायचे होते..."

"नंबर लावलाय का?" सासूबाईंनी मान वर न करता विचारलं. "नाही ना? मग तुमचं तुम्ही मांडीवर घ्या जरा, जावईबापू. टेबलावर पेशंट आहेत."

स्वयंपाकघरातून बायको सहा ताटं घेऊन आली. तिनं टेबलाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता त्यांचं ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं.