फरारी सत्तावीस हजार पाचशे

आपण किती मोठे गुप्तहेर आहोत, हे भावजी स्वतःच सांगत. दुसऱ्या कोणी सांगायची वाट पाहिली असती, तर निवृत्तीची सगळी वर्षं त्यातच सरली असती.

"माझी नजर म्हणजे सुई," ते म्हणत. "माझी स्मृती म्हणजे लोखंडी कपाट. आणि माझा तर्क? त्याला उपमा शोधायला मला अजून सवड झालेली नाही."

"कपाटाची किल्ली हरवलीय तेवढी," त्यांची बायको आतून म्हणे.

निवृत्त होण्यापूर्वी भावजी तीस वर्षं हवामान कार्यालयात होते. 'उद्या आकाश निरभ्र राहील' असं त्यांनी लिहिलं, की त्यांचा मेव्हणा आपल्या दुकानातल्या छत्र्या काढून बाहेरच्या दांडीला टांगायचा. भावजींचे अंदाज होते म्हणून त्याचं दुकान उभं राहिलं. तेव्हा निवृत्तीनंतर भावजींनी त्याला आपला साहाय्यक नेमलं, त्या वेळी त्याला नाही म्हणवलं नाही. पगार नव्हता. कामाचे तास नव्हते. म्हणजे होते, पण ते संपत नव्हते.

त्या मंगळवारी मेव्हणा एका छत्रीची काडी बसवत होता आणि भावजी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून रस्त्यावरच्या लोकांवर संशय घेत होते. इतक्यात दुकानात बाई आल्या. बाई म्हणजे तिसरीच्या बाई. मेव्हण्याला त्यांनी बेरीज-वजाबाकी शिकवली होती. आज त्याची पन्नाशी उलटली होती, पण बाई दिसल्या की त्याचे हात आपोआप पुढे व्हायचे. नखं कापलीत की नाही ते दाखवायला.

"बस रे," बाई म्हणाल्या. आज त्यांनी नखांकडे पाहिलंच नाही.

त्यांनी पिशवीतून एक पत्र काढलं. कर कार्यालयाचं होतं. बाईंनी वर्षाच्या विवरणपत्रात व्याजाचं उत्पन्न बारा हजार चारशे लिहिलं होतं. कार्यालयाच्या नोंदीत ते एकोणचाळीस हजार नऊशे होतं. सत्तावीस हजार पाचशेंचा फरक का पडला, याचा खुलासा शुक्रवारपर्यंत करायचा होता.

"मला इतके पैसे मिळालेलेच नाहीत रे," बाई म्हणाल्या. "दोनदा वही तपासली. वयोमानाने डोकं चालत नसेल म्हणून तिसऱ्यांदा तपासली. पासबुकात व्याज म्हणून आलेली प्रत्येक रक्कम वहीत आहे."

"मग खुलासा लिहून टाकू, बाई. त्यात काय एवढं?"

"काय लिहू? शनिवारी वाचनालयाची सभा आहे. अकरा वर्षं मी तिथला हिशेब ठेवतेय. मुलांच्या पुस्तकांचे पैसे आहेत ते. स्वतःच्या पैशांचा हिशेब जिला देता येत नाही, तिच्या हाती लोकांनी पेटी का ठेवावी? शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर मी जागा सोडणार. राजीनामा लिहून झालाय."

मेव्हण्याला ठाऊक होतं, बाईंनी पेटी सोडली तर ती घ्यायला कोणी पुढे येणार नाही. याआधी बाई आजारी होत्या तेव्हा सभासदांनी वर्गणी एका फुलदाणीत ठेवली होती आणि फुलदाणी कुठे ठेवली ते विसरले होते. बाई गेल्या की वाचनालयाला कुलूप, आणि शाळा सुटल्यावर तिथे पालथी पडून वाचणारी चाळीस पोरं रस्त्यावर.

भावजी स्टुलावरून उठले. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि पत्र न्याहाळलं.

"कागद पांढरा आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या.

"शाई काळी. म्हणजे लिहिणारा माणूस सरळ नाही. बाई, तुम्ही पैसे कुठे कुठे ठेवलेत?"

बाईंनी वही उघडली. अक्षर इतकं सुरेख, की वाचताना ताठ बसावंसं वाटे. "बचत खातं आहे. दोन लहान ठेवी आहेत, त्यांचं व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. ते झाले बारा हजार चारशे. एक मोठी ठेव आहे, ती अजून दोन वर्षांनी सुटेल, तोवर तिचा एक छदामही हातात येत नाही. आणि एक कर्जरोखा होता, तो यंदा सुटला." इथे बाईंचा चेहरा जरा उजळला. "एक लाखाचा कागद मी एक्याऐंशी हजारांत घेतला होता, बरं का! चांगली घसघशीत सवलत मिळाली. पाच वर्षांनी लाख मिळाले, ते तसेच बचत खात्यात पडून आहेत."

"बाई," भावजी हात वर करून म्हणाले, "खरेदीच्या गप्पा नंतर. आपण मुद्द्यावर येऊ. तुमच्या नावाची दुसरी बाई या शहरात आहे. तोतया! व्याज ती खाते आणि कर तुमच्या माथी मारते."

"पण कर मागायला मला पत्र आलंय, तर व्याज—"

"तर्काच्या मध्ये बोलू नये."

बुधवारी तोतया सापडली. तीन रस्ते पलीकडे एका पत्रपेटीवर बाईंचंच नाव होतं. भावजी जिन्याखाली दबा धरून बसले आणि मेव्हण्याला वर पाठवलं. दार एका धिप्पाड बाईने उघडलं. ती पोहायला शिकवायची.

"माफ करा," मेव्हणा म्हणाला. "तुम्हाला व्याज मिळतं का?"

"भरावं लागतं," ती म्हणाली. "घराचं, गाडीचं आणि धाकट्या भावाच्या दुकानाचं. मिळतं असं काही असतं का? कुठे असतं ते? थांबा, मी चप्पल घालून येते."

तिला परत आत पाठवायला अर्धा तास लागला. खाली आल्यावर भावजी म्हणाले, "अभिनय उत्तम होता." पण त्यांनी तो तर्क सोडला, कारण जिन्याखाली त्यांना दुसरा सुचला होता.

बँकेतला रोखपाल!

गुरुवारची सकाळ भावजींनी बँकेच्या काचेला नाक लावून काढली. रोखपालाच्या पायात चकचकीत बूट होते. "पाहिलंस?" ते मेव्हण्याच्या कानात म्हणाले. "हे सत्तावीस हजार पाचशे चालताहेत बघ."

दुपारी रोखपाल स्वतःच बाहेर आला. त्याच्या हातात फडकं होतं.

"काका, बूट जुनेच आहेत. तळवे नवे लावलेत," तो म्हणाला. "सगळ्या शाखेला ऐकू गेलंय तुमचं. आता नाक जरा बाजूला घ्या, काच पुसायला मलाच सांगितलंय."

मेव्हण्याने त्या क्षणी ठरवलं, की जमीन दुभंगली तर आपण आधी जायचं, भावजींना नंतर ढकलायचं.

संध्याकाळी दोघे बाईंच्या घरी गेले. खोली छोटी, पण नीटनेटकी. भिंतीवर एक फळा, कारण शाळा सुटली तरी बाईंची शिकवणी सुटली नव्हती. टेबलावर राजीनाम्याचं पाकीट होतं. त्यावर पत्ता लिहून झाला होता.

भावजींनी खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या. खोली तेवढीच होती. मग भिंतीवरच्या तसबिरीसमोर थांबून ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, मन घट्ट करा. तुमच्या यजमानांनी तुमच्या नकळत एखादं खातं—"

"त्यांनी?" बाई म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षं पगाराचं पाकीट न उघडता माझ्या हातात ठेवलं त्यांनी."

"न उघडता!" भावजींनी बोट उंचावलं. "जो माणूस पाकीट बंद ठेवतो, तो काहीही बंद ठेवू शकतो."

बाईंनी तसबिरीकडे पाहिलं आणि मग खाली बघून पदराचं टोक चिमटीत धरलं. तिसरीत एकदा मेव्हण्याने वर्गातली खडूची पेटी फोडली होती आणि दोष शेजारच्या मुलावर ढकलला होता. तेव्हाही बाईंनी असंच पदराचं टोक चिमटीत धरलं होतं.

"भावजी, पुरे," मेव्हणा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्यांना असं बोलला होता. स्वतःच्या आवाजाने तो स्वतःच दचकला.

तेवढ्यात दारात ताई उभी राहिली. ताई म्हणजे मेव्हण्याची थोरली बहीण, भावजींची बायको. हातात नव्या प्रेशर कुकरचं खोकं होतं.

"अहो, दोन दिवस घरात पाऊल नाही तुमचं! कुकर आणायला मलाच जावं लागलं. वीस टक्के सवलतीत मिळाला हो, बाई."

"सवलतीची मजाच वेगळी," बाई उसनं हसून म्हणाल्या. "माझा रोखाही तसाच. लाखाचा कागद एक्याऐंशी हजारांत."

"अरे वा! मग आता कुठाय तो?"

"परत दिला. मुदत संपली ना. पूर्ण एक लाख मिळाले."

ताईने खोकं टेबलावर ठेवलं. राजीनाम्याच्या पाकिटावरच. "म्हणजे सवलतीत घेतलेली वस्तू दुकानदाराने पूर्ण किमतीला परत घेतली? बाई, मला त्या दुकानाचा पत्ता द्या. मी आत्ता दहा कुकर घेऊन येते. अशाने तर माणूस बसल्या जागी कमावेल!"

"बसल्या जागी कमावेल," बाई सावकाश म्हणाल्या. मग त्या उठल्या आणि त्यांनी खडू घेतला. मेव्हणा नकळत ताठ बसला.

"सांग रे. कुकर सवलतीत घेतला आणि घरात वापरला, तर उरले ते काय?"

"वाचलेले पैसे, बाई."

"आणि रोखा एक्याऐंशी हजारांत घेतला, पाच वर्षांनी त्याच माणसाने एक लाख दिले, तर?"

"एकोणीस हजार... कमावले, बाई."

"ती सवलत नव्हतीच रे! माझे पैसे पाच वर्षं वापरल्याबद्दल त्यांनी दिलेलं व्याज होतं ते. आधीच किमतीतून वजा करून ठेवलेलं. आणि मी पाच वर्षं त्याला सवलत म्हणत मिरवतेय!" बाईंनी फळ्यावर एकोणीस हजार लिहिले. त्यांचे डोळे लकाकत होते. "राहिले किती?"

"आठ हजार पाचशे," मेव्हणा आणि ताई एकदम म्हणाले.

बाईंनी मोठ्या ठेवीचा बँकेने पाठवलेला कागद वहीतून काढला. मागच्या वर्षअखेर शिल्लक होती एक लाख सहा हजार दोनशे पन्नास. यंदा एक लाख चौदा हजार सातशे पन्नास. त्यांनी एकाखाली एक मांडून वजाबाकी केली. आठ हजार पाचशे.

"पण ते हातात कुठे आलेत?" भावजी खवळून म्हणाले. त्यांचा आवाज गरजेपेक्षा जरा मोठा होता. "जे हाताला लागलं नाही ते उत्पन्न कसलं?"

"भावजी," बाई शांतपणे म्हणाल्या, कारण वर्गात असा एक मुलगा असतोच, "मूल वर्षभरात चार बोटं वाढलं आणि आपण मापलंच नाही, तर ते वाढलं नाही का? व्याज ठेवीतच मुरलं. मी काढून घेतलं नाही, ही माझी मर्जी. पण माझ्या नावावर जमा झालं, म्हणजे माझंच ना?"

एकोणीस हजार अधिक आठ हजार पाचशे. बाईंनी बेरजेखाली दोन रेघा ओढल्या आणि हात झटकले.

"नेमका याच दिशेने मी चाललो होतो," भावजी म्हणाले. ताईने कुकरचं झाकण उघडून आतली शिट्टी तपासली.

शुक्रवारी करअधिकारी बाईने पत्र आणि हिशेब शेजारी शेजारी ठेवून वाचले. "किती सुंदर लिहिलंय," ती म्हणाली. "लोक सहसा ओरडायलाच येतात इथे. विवरणपत्र सुधारून द्या आणि राहिलेला कर भरा. उशिराबद्दल थोडं जास्त भरावं लागेल. लपवाछपवी वगैरे काही नाही. ही चूक फार जण करतात."

"चूक ती चूकच," बाई म्हणाल्या आणि तिथल्या तिथे पैसे भरून आल्या. मेव्हण्याला वाटलं, सुटलो. पण बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, "सभेत सांगणार मी. पेटी माझ्याकडे ठेवायची की नाही, ते त्यांना ठरवू दे."

शनिवारी वाचनालयात नऊ सभासद जमले. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. सवलत, मुरलेलं व्याज, राहिलेला कर. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. शेवटी राजीनाम्याचं पाकीट अध्यक्षांपुढे ठेवलं.

अध्यक्ष चष्म्याचे व्यापारी होते. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. त्यांनी कपाळ पुसलं.

"बाई, ते राहू द्या बाजूला," ते म्हणाले. "मला एक सांगा. म्हणजे, सहज विचारतोय. न काढलेल्या ठेवीचं व्याजही... दाखवायचं असतं?"

"दर वर्षी," बाई म्हणाल्या.

सभेत चुळबुळ सुरू झाली. औषधवाल्याने खाली पाहिलं. शिवणकामवालीने शेजारणीकडे पाहिलं.

"कोणाकोणाचं राहिलंय?" बाईंनी विचारलं. "रागावणार नाही. हात वर करा."

एक हात वर गेला. मग दुसरा. मग एकदम पाच. मेव्हण्याने मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर, पुस्तकांच्या कपाटाला टेकून, पाहुणे म्हणून आलेले थोर गुप्तहेर बसले होते. त्यांचा हात खांद्यापर्यंत आला, तिथे थबकला आणि मग ताईने कोपर धरून तो पूर्ण वर केला.

"चार ठेवी आहेत यांच्या, बाई," ती म्हणाली. "चारही मुरताहेत."

राजीनाम्यावर मतदान करायचं कोणाला आठवलंच नाही. बाईंनी पाकीट पुन्हा पिशवीत टाकलं, पदर खोचला आणि त्या वाचनालयाच्या फळ्याकडे वळल्या.

"सोमवारी पाच वाजता," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी वही, पासबुक आणि ठेवींचे कागद घेऊन यायचं. उशीर चालणार नाही. पालकांना आणायची गरज नाही."