शांताबाईंची शिस्त आणि नातीचा प्रयोग

परीक्षेच्या वर्गात शांताबाई शिरल्या की पंखासुद्धा परवानगी घेऊन फिरत असे! निवृत्त मुख्याध्यापिकेची ही कीर्ती भिवंडीत अजून ताजी होती. म्हणूनच त्यांची नात धम्मदिना धास्तावली होती. मुले एकमेकांच्या मदतीने कशी शिकतात, यावर तिची पीएचडी चालली होती. शेवटचा प्रयोग बुद्धविहाराच्या हॉलमध्ये होता आणि मार्गदर्शक सईदा मॅडम मानकोली नाक्यावर कंटेनरांच्या गर्दीत अडकल्या होत्या.

“आज्जी, मी त्यांना स्कूटरवरून आणते. लॅपटॉपचा कॅमेरा चालू आहे. तू नुसती बस!”

“मला पर्यवेक्षण शिकवतेस?”

धम्मदिना गेली. चार मुलांच्या हाती एकेक चिठ्ठी होती. पूर्णा गावातल्या कोणत्या गोदामात पार्सल आहे, ते शोधायचे होते. प्रत्येक चिठ्ठीत गोदामाची एकच खूण होती: रंग, क्रमांक, छप्पर किंवा कामाची वेळ. विकीने सिदराकडे मान वळवली. “तुझ्या चिठ्ठीत काय आहे गं?”

“कॉपी! माझ्यादेखत?” शांताबाई कडाडल्या.

“बाई, हे तर असंच करायचं—”

“उलट उत्तर? चौघे चार कोपऱ्यांत! तोंडातून अवाक्षर नको!”

भिवंडीतले सगळे यंत्रमाग एकदम बंद पडावेत तशी शांतता पसरली. इतक्यात धम्मदिनाचा फोन आला.

“आज्जी, पोरं बोलतायत ना?”

“चकार शब्द नाही!” शांताबाई अभिमानाने म्हणाल्या.

“अगं आज्जी! चार चिठ्ठ्या जुळल्याशिवाय उत्तरच येत नाही! त्यांचं बोलणं हाच तर प्रयोग! उद्यापासून परीक्षा, पोरं परत मिळायची नाहीत. गेली माझी पीएचडी!”

नातीची पदवी आपण कोपऱ्यात उभी केली! शांताबाईंनी आवाजात साखर घोळली. “बाळांनो, बोला हं आता.”

चौघांनी ओठ आणखी घट्ट मिटले.

“बोला म्हणते ना!”

“बाई, हम नहीं बोले! आईशप्पथ!” अदनान गयावया करू लागला. ओमकारने तोंडावर हात दाबला. शांताबाईंनी सोबतचा लाडवांचा डबा उघडला, तर चौघे भिंतीला आणखीच चिकटले!

धम्मदिना मॅडमना घेऊन पोहोचली, ती रडवेली होऊनच. अदनानने मुकाट्याने उत्तराचा कागद पुढे केला. उत्तर अचूक होते!

सगळ्यांना बसवून मॅडमनी घाईने चित्रण लावले. पडद्यावर सिदरा हिरवी ओढणी ओढत होती, विकी गालावर बोटे मोजत होता, ओमकार छताकडे खुणावत होता आणि अदनान ठरवून जांभया देत होता.

“न बोलता एवढं सहकार्य!” मॅडम हरखल्या. “धम्मदिना, तुझ्या प्रबंधाचं हे सर्वांत उत्तम प्रकरण होणार!”

धम्मदिनाने सुटकेचा निःश्वास टाकला. शांताबाईंना मात्र पडद्यावर सहकार्य कुठेच दिसेना.

“कोण जांभया देतोय? उभे राहा!”

चारही मुले उभी राहिली. धम्मदिना उभी राहिली. आणि लॅपटॉप छातीशी धरून मानसशास्त्राच्या विदुषी सईदा मॅडमही उठल्या.

“सॉरी, बाई.”