साळुंक्यांसाठी फणी

सन अठराशे त्र्याण्णव. त्या साली भात असं पिकलं की शहाडच्या राघो पाटलांच्या घरात माणसांनाच जागा उरली नाही. कणग्या भरल्या, पडवी भरली, आणि शेवटी नव्या जोडप्यासाठी झाडूनपुसून ठेवलेला माळाही भाताने भरला. पाटलांचा मुलगा गोपीनाथ ओटीवर बापाशेजारी झोपू लागला आणि त्याची बायको गोदा माजघरात सासूशेजारी. लग्नाला तेव्हा आठच महिने झाले होते. "भात उतरला की माळा मोकळा होईल," असं सासूबाई आवडाबाई म्हणायच्या. "भाव चढला की भात उतरेल," असं राघो पाटील म्हणायचे. भाव काही चढत नव्हता.

दिवसा बोलावं म्हटलं तर पाटलांच्या घरात तीही सोय नव्हती. वडीलधाऱ्यांदेखत मुलाने बायकोशी बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचंही नाही, असा त्या घराचा नेम. गावात बाकी कोणी एवढं पाळत नसे. शेजारची सगुणा आणि तिचा नवरा मारुती तर अंगणात उभे राहून एकमेकांच्या सात पिढ्या काढत. गोदा चुलीपाशी बसून ते ऐके आणि तिला त्या भांडणाचाही हेवा वाटे. एवढं सगळं बोलायला मिळतंय बाईला!

पण त्याहून मोठा हेवा होता तो साळुंक्यांचा.

गोपीनाथने दोन साळुंक्या घरट्यातून पडलेल्या असताना उचलून आणल्या होत्या आणि हाताने चारून वाढवल्या होत्या. त्यांचा बांबूचा पिंजरा ओटीच्या वाशाला टांगलेला असे आणि पिंजऱ्याखाली, घाण पडू नये म्हणून, एक जुनं सूप बांधलेलं असे. तो शेतावरून आला की पाय धुवायच्या आधी पिंजऱ्यापाशी जाई.

"आलो गो बाय," तो म्हणे. "दिवसभर तुझीच आठवण. तू जेवलीस ना?"

आत गोदाची विळी कचकन चाले. आठ महिन्यांत तिला कोणी विचारलं नव्हतं, तू जेवलीस का. शिवाय साळुंक्यांसाठी तो पानाच्या पुडीत नाकतोडे बांधून आणी. गोदासाठी आजवर अबोलीचं फूलसुद्धा आलेलं नव्हतं.

पिंजरा झाडायचं काम सासूने गोदाला नेमून दिलं होतं. पण तिने एकदाही त्या सुपाला हात लावला नाही. चार हात लांब उभी राहून ती खराट्याची काडी वर फिरवल्यासारखी करी आणि म्हणे, "झालं झाडून."

गोदाचं स्वतःचं असं त्या घरात एकच होतं, ते म्हणजे काटक्या. काटक्या हा तिचा माहेरचा, डोंबिवलीचा कुत्रा. काटकीसारखा बारीक म्हणून हे नाव. लग्नाच्या गाडीमागून तो डोंबिवलीपासून शहाडपर्यंत चालत आला. पाठराखीण म्हणून आलेली आत्या पाचव्या दिवशी परत गेली, काटक्या राहिला. मनातलं सगळं ती त्याच्याशी बोले.

आणि नेमक्या याच काटक्याने एका गुरुवारी संध्याकाळी पिंजऱ्यावर झेप घेतली.

पिंजरा गरगरा फिरला, साळुंक्यांनी आकांत मांडला, सगळं घर पाखरांकडे धावलं. काटक्या गवताच्या उडवीमागे पसार झाला आणि थोड्या वेळाने जिभल्या चाटत परत आला. पाखरांचं एक पीसही गेलेलं नव्हतं, पण राघो पाटील तापले.

"हा कुत्रा उद्याच्या उद्या डोंबिवलीला!"

 गोदा सासूच्या मागे लागली. शेवटी आवडाबाईंनी मध्यस्थी केली, पण अट घालून. "राखायचं काम तुझं, गोदे. पाखरांच्या वाटेला गेला तर मी एक शब्द बोलायची नाय."

अशी वेळ आली की साळुंक्या मेल्या तर बरं असं ज्या बाईला वाटत होतं, तिलाच त्यांची राखण करावी लागली.

पुढच्या गुरुवारी तिने काटक्याला सुंभाने खांबाला बांधलं. गोपीनाथ दर गुरुवारी गवताची गाडी घेऊन कल्याणला जाई. तो परतला, पिंजऱ्याशी गुलुगुलु बोलला, आणि घटकाभरात काटक्याने सुंभ चावून तोडलं. पुन्हा पिंजरा गरगरला, पुन्हा आकांत. गोदाने पाया पडून एकदा माफी मिळवली.

मग राघो पाटलांनी स्वतः लक्ष घातलं. उनाड कालवडीच्या गळ्यातलं लोढणं काढून त्यांनी काटक्याच्या गळ्यात घातलं. पळायला लागला की लाकडाचा तो ओंडका पुढच्या पायांत येणार, अशी योजना. काटक्या दोन दिवस अडखळत चालला. तिसऱ्या दिवशी त्याने लोढणं तोंडात धरलं आणि धावत सुटला. वाटेत मारुती डोक्यावर शेणाची पाटी घेऊन येत होता. लोढणं त्याच्या नडगीवर बसलं, मारुती बसला, आणि पाटी मारुतीवर बसली.

"डोळे फुटले होते काय तुमचे?" सगुणाने अंगणातून विचारलं.

"माझे? कुत्र्याला विचार की!"

"कुत्र्याने निदान लोढणं तरी सांभाळून नेलं. तुमाला पाटी धरता येईना!"

गोदा कुडाआडून ऐकत राहिली. किती छान बोलतात दोघं, असं तिला वाटलं.

त्या गुरुवारीही लोढणं तोंडात धरून काटक्या पिंजऱ्यापर्यंत पोचलाच.

"मी सांगू का गोदे?" सगुणा दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर म्हणाली. "हा दर खेपेला गुरुवारीच उडी मारतो. गुरुवार कोणाचा? दत्ताचा. दत्ताजवळ काय असतात? कुत्री. तुझ्या काटक्याच्या अंगात येतं गो!"

गोदाने ते घरी सांगितलं. कुत्रा हाकलायला उठलेला राघो पाटलांचा हात जरा आखडला. आवडाबाईंनी काटक्याला गुरुवारी भाकरीचा तुकडा जास्त घालायला सुरुवात केली. तो आता काटकीसारखा मुळीच राहिला नव्हता. बाजूने बघितलं तर पखालीसारखा दिसे.

"पिंजरा आढ्याला टांगू," पाटील म्हणाले.

"एवढा वर?" गोपीनाथ एकदम बोलला. "मग तिचा हात कसा पोचणार?"

"कोणाचा?"

"म्हणजे... माझा. दाणापाणी घालायला."

पिंजरा राहिला तिथेच. संध्याकाळी गोपीनाथ त्याच्यापाशी उभा राहून हळूच म्हणाला, "कालचं गोड लागलं का गो?"

त्याच वेळी आतून गोदा काटक्यावर करवादली, "खाऊन खाऊन पोट सुटलं, तरी हाव जात नाय मेल्याची!"

गोपीनाथच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की राघो पाटलांनी पोराकडे दोनदा बघितलं.

गोदाने ते हसू दाराच्या फटीतून पाहिलं आणि तिच्या अंगाची लाही झाली. गोड लागलं म्हणे! नाकतोडा कधी गोड लागतो? पाखरं मेली तर काटक्या जातो, पाखरं राहिली तर हे असलं ऐकावं लागतं. तिने लाल मिरच्या वाटल्या, लांब काठीला चिंधी बांधली, आणि चार हातांवरूनच सुपाच्या कडेला सगळीकडे मिरची फासली. आता काटक्याने नाक लावावंच.

नाक लावायच्या आधी हात लागला. गुरुवारी कल्याणहून आलेल्या गोपीनाथने पिंजऱ्याखाली हात घातला, काढला, आणि घाम पुसायला तोच हात डोळ्यांवरून फिरवला.

"आई गो!"

"काय झालं रे?" आवडाबाई धावल्या.

गोपीनाथ सांगणार काय? त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आवडाबाईंना वाटलं, पाखरांच्या काळजीने पोर रडतंय. "नको रे बाबा रडू, आजच्या आज घालवू त्या कुत्र्याला. दत्त असो की आणखी कोणी!"

गोपीनाथ नाक ओढत पिंजऱ्याकडे वळला. "एवढा राग?" तो म्हणाला. "माझं काय चुकलं ते तरी सांग गो. आज तर तुला आवडेल अशीच वस्तू आणलीय."

गोदाने ते ऐकलं, आणि तिचं काटक्याच्या गळ्यातल्या दोरीवरचं लक्ष उडालं. तेवढं पुरे होतं.

काटक्या लोढण्यासकट उडाला. लोढणं सुपात अडकलं, तो खाली येताना सूप, पिंजरा आणि वाशाला बांधलेली सगळी दोरी त्याच्याबरोबर खाली आली. पिंजऱ्याचं दार उघडलं. "मेल्या, मेल्या साळुंक्या!" आवडाबाई ओरडल्या. गोदाने डोळे गच्च मिटले. गेला काटक्या, तिला वाटलं. गेला डोंबिवलीला.

मग कोणीतरी जोरात शिंकलं, तेव्हा तिने डोळे उघडले.

एक साळुंकी काटक्याच्या पाठीवर बसली होती, म्हशीच्या पाठीवर बसावी तशी. दुसरी त्याच्या लोढण्यावर चोच घासत होती. काटक्याचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. तो सुपातून पडलेली पानांची पुडी फाडून गुळाचं खाजं कडाकडा फोडत होता. मिरचीने शिंकत होता, तरी फोडत होता. आणि पुडीतून आणखी एक वस्तू घरंगळत आवडाबाईंच्या पायाशी आली. शिंगाची, नक्षीदार, नवी कोरी फणी.

आवडाबाईंनी ती उचलली, उलटसुलट बघितली.

"गोपीनाथा," त्या म्हणाल्या, "साळुंक्या वेणी घालतात का रे?"

गोपीनाथ मिरचीहून लाल झाला.

"आणि खाजं? दर गुरुवारी?"

"मी ठेवायचो," तो जमिनीकडे बघत पुटपुटला. "पिंजरा झाडायला कोण येतं ते ठाऊकच हाय तुला. सकाळी पुडी नसायची. मला वाटायचं, पोचलं."

गोदा दारात उभी होती. आठ महिन्यांचं सगळं बोलणं तिच्या कानांत उलट दिशेने वाजू लागलं. आलो गो बाय. तू जेवलीस ना. माझं काय चुकलं ते तरी सांग. आणि आपण? आपण काडी फिरवून म्हणत राहिलो, झालं झाडून.

राघो पाटलांनी घसा खाकरला. "पाखरांशी बोलतो! माणसाने काही लाज..."

"तुमी गप बसा," आवडाबाई म्हणाल्या. पाटलांना असं कोणी बोलल्याचं घरात आजवर कोणी ऐकलं नव्हतं. "माझ्या सासूदेखत तुमी कोणाशी बोलायचा? बैलाशी. 'थकलास का रे, पाणी पाहिजे का रे.' मला सगळं समजायचं. पण बैलाच्या गव्हाणीत एकदा तरी खाजं ठेवलंत? रोज हात घालून बघायची मी. काय मिळायचं? वैरण!"

राघो पाटील उठून गुरं बघायला गेले. गुरं मघाच बांधून झाली होती.

आवडाबाईंनी फणी गोदाच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. दोन-तीनदा अंगठा तिच्या दात्यांवरून फिरवला आणि मगच सोडली.

दुसऱ्या दिवशी भाव न बघता माळ्यावरचं भात खाली उतरलं.

मारुती आणि सगुणा शेवटपर्यंत भांडत राहिले. मारुती गेल्यावर सगुणा संध्याकाळी एकटी अंगणात येऊन उभी राही आणि काही न बोलता आत जाई. साळुंक्यांना कोणी पुन्हा कोंडलं नाही. त्या बरीच वर्षं काटक्याच्या पाठीवर बसून गावभर फिरल्या. काटक्या पुढे म्हातारा होऊन मेला, पण त्याच्या बारीकपणाची आठवण सांगायला फक्त नाव उरलं होतं. राघो पाटलांनी पुढच्याच महिन्यात कल्याणच्या बाजारातून एक पोपट विकत आणला आणि रोज सकाळी त्याच्यापुढे उभे राहून ते तासभर खाकरत. काय बोलावं ते त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही. पण आवडाबाई तो पिंजरा दुसऱ्या कोणाला झाडू देत नसत.

गोपीनाथने गोदाशी घरात सर्वांदेखत बोलायला आणखी पाच वर्षं घेतली. पहिलं वाक्य होतं, "मिरची जरा कमी घाल."

गोदा पुढे तीन सुनांची सासू झाली. नातवंडांनी तिच्या ओटीवर एक बांबूचा पिंजरा कायम टांगलेला पाहिला. त्यात पाखरू कधीच नव्हतं. "मग कशाला ठेवलाय?" असं सुनांनी विचारलं तर ती म्हणे, "असू दे. पाळीपाळीने झाडा म्हणजे झालं. आणि सुपात हात घालून झाडा, काडी फिरवू नका."

फक्त तो टांगताना तिने एक काळजी घेतली होती. सुनांचा हात पोचेल, पण कोणत्याही सुनेच्या माहेरचा कुत्रा कितीही उंच उडाला, तरी पोचणार नाही, इतका तो वर होता.