रडण्याचे दोन शब्द

याकोबमास्तर कडी वाजवू लागले की दार उघडेपर्यंत थांबत नसत. आतून कुणी "आलो, आलो" म्हणून ओरडलं तरी कडी चालूच. एकदा मी चिडून विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "बायबलात 'ठोठावा म्हंजे उघडंल' असं वाचतात ना? मुळात तसं न्हाई. मूळच्या ग्रीकमधी 'ठोठावत ऱ्हावा' असं हाय."

जालन्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. ते मिशनच्या शाळेतले जुने मास्तर, मी तहसील कचेरीत उर्दू खरडणारा कारकून. निजामाच्या अमलात कचेरीला उर्दू, घराला मराठी, देवाला संस्कृत. त्यात ग्रीक कुणाला हवी होती? पण मास्तर ती पन्नाशीत एका म्हाताऱ्या पाद्रीसाहेबाकडून शिकले, आणि 'मुळात तसं न्हाई' हे त्यांच्या तोंडी बसलं. चर्चमध्ये उपदेश रंगात आला की यांचा हात वर. टांगेवाला "येतो" म्हणाला की, "येऊन राह्यलास का येणार हाईस? बराबर सांग!" टांगेवाले त्यांना लांबून पाहूनच घोडा वळवत.

त्या वर्षी माझे थोरले बंधू तापानं गेले. भोकरदनहून नात्यातल्या बायका आल्या, हेल काढून रडू लागल्या. वहिनी कोपऱ्यात बसून होती. डोळ्यांतून धार लागलेली, पण तोंडातून हुंदका नाही.

"आवाज कसा न्हाई बाई?" एक मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नवरा गेला का पाव्हणा?"

तेवढ्यात दारातून मास्तर म्हणाले, "मुळात तसं न्हाई, माय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजही हे?

मास्तर आत येऊन वहिनीसमोर उकिडवे बसले. "येशूचा एक दोस्त मेला व्हता. त्या दोस्ताची बहीण रडून राह्यली, लोक रडून राह्यले. त्यांच्या रडण्याला ग्रीकमधी एक शब्द हाय, आक्रोशाचा. मंग तोबी रडला. पन त्याला शब्द दुसरा. डोळ्यातून पाणी आलं, एवढंच. मराठीत दोन्हीकडं रडणंच लिवलंय."

बायका हेल थांबवून ऐकू लागल्या. वहिनीनं मान वर केली. "हे तुम्ही कशापायी शोधलं, मास्तर?"

"माझी घरवाली मार्था गेली तवा माझ्या तोंडून आवाज निघाला न्हाई. लोक म्हणले, मास्तर पत्थर हाय. मी पाद्रीसाहेबाला इचारलं, साहेब, तो कसा रडला? ते म्हणले, मूळ वाच. मंग शिकलो."

आम्ही सगळे समजत होतो, म्हातारा मिरवायला शिकला.

आपल्या अंगाखालचं घोंगडं वहिनीनं अर्धं त्यांच्याकडे सरकवलं. मास्तर त्यावर टेकले. थोड्या वेळानं बायकांचा हेल पुन्हा सुरू झाला, आणि ती दोघं कोपऱ्यात आवाज न करता बसून राहिली.